भुताला पांढरी साडी नेसवली कोणी? मराठी भयपटकर्त्यांना खुले पत्र

प्रति,
मराठी भयपट आणि रहस्यपट लिहिणाऱ्या, दिग्दर्शित करणाऱ्या आणि त्यांत पैसा घालणाऱ्या सर्व मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

मी 1985 पासून 25 वर्षे दक्षिण कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी चित्रपटगृहात ऑपरेटर होतो. ऑपरेटरला सिनेमा धड पाहायला मिळत नाही, असे मी सांगितले तर लोकांना खरे वाटत नाही. एका मशीनवरचे रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक गोल ठिपका चमकून जातो, तो दिसताच दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची असते आणि सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका आला की चित्र या मशीनवरून त्या मशीनवर घ्यायचे असते. मधल्या वेळात कार्बनच्या कांड्या जळून आखूड होतात, त्या पुढे सरकवाव्या लागतात. यातून जो वेळ उरे त्यात मी भिंतीतल्या चौकोनी काचेतून पडद्याऐवजी खाली बसलेली डोकी पाहत असे, आणि 25 वर्षे डोकी पाहिल्यानंतर भयपटाच्या ठरीव युक्त्यांबद्दल माझे जे मत बनले ते आपणास कळवावे म्हणून हे पत्र.

पहिल्या आठवड्यातील पहिल्या खेळाला ही डोकी खांद्यांत गेलेली असतात. दुसऱ्या आठवड्यात स्टॉलमधून आवाज येऊ लागतात. नायिका जिना उतरू लागली की कोणीतरी ओरडतो, "आता मांजर येणार!" आणि मांजर येते. ती अंधाऱ्या खोलीत चाचपडू लागली की, "अगो, आधी दिवा लाव!" ती दिवा लावत नाही. बाथरूमच्या कपाटाचे आरशाचे दार तिने उघडले की ते बंद होताना मागे कोण उभे असणार हे बाल्कनीतल्या आजीबाईंनाही ठाऊक असते. मोटार घाटातच बंद पडणार, बंगल्याचा म्हातारा रखवालदार कंदील वर धरून "साहेब, त्या खोलीकडं जाऊ नका" म्हणणार आणि साहेब इंटरव्हलच्या आत त्या खोलीत जाणार.

हे ठरीव आहे, म्हणून माझी तक्रार नाही. आपल्या तमाशात गण, गौळण, बतावणी, वग हा क्रम शेवटच्या रांगेतल्या पोरालाही पाठ असतो, गौळणीत मावशी येणार हे सर्वांना ठाऊक असते, आणि तरी ती आली की फड उसळतो. कीर्तनकाराने पूर्वरंग सोडून थेट आख्यान लावले तर श्रोत्यांना चुकल्यासारखे वाटेल. तेव्हा भयपटाने आपली रीत पाळावी यात गैर काहीच नाही. माझे म्हणणे एवढेच की या प्रत्येक रीतीला ती पहिल्यांदा आली तेव्हा काहीतरी कारण होते, आणि आपण रीत ठेवून कारण टाकून दिले आहे.

मांजराचेच घ्या. ही युक्ती ज्या चित्रपटापासून सांगितली जाते तो 1942 सालचा अमेरिकन 'कॅट पीपल'. दिग्दर्शक झाक तूर्नर, निर्माता व्हॅल ल्यूटन आणि संकलक मार्क रॉबसन. पैसा बेताचा होता, त्यामुळे राक्षसी श्वापद दाखवणे परवडणारे नव्हते. एक बाई रात्री बागेच्या भिंतीकडेने चालली आहे आणि दुसरी तिच्या मागावर आहे. आपल्याला दोघींच्या टाचांचे आवाज ऐकू येतात आणि मग लक्षात येते की मागच्या टाचा वाजायच्या थांबल्या आहेत. पुढची बाई भरभर चालू लागते, मागे पाहते, मागे कोणी नाही. त्या क्षणी श्वापदाच्या फुसकारण्यासारखा आवाज करत एक बस चौकटीत घुसते आणि थांबते. बसच्या हवेच्या ब्रेकचाच तो आवाज. पुढे त्या मंडळींमध्ये अशा धक्क्याला 'बस' हेच नाव पडले.

यात बसपेक्षा महत्त्वाच्या आहेत त्या टाचा. आपला कान दोन पावले मोजायला शिकला, त्यांतले एक गेले, आणि त्या रिकाम्या जागेत भीती भरली. बसने ती फक्त उतू घालवली. आपल्याकडे टाचा गेल्या आणि बस राहिली, तिचे मांजर झाले, मग वटवाघूळ, मग खांद्यावर पडलेला मैत्रिणीचा हात, आणि आता तर नुसता आवाज. मी हे मोठ्या तोंडाने सांगतो आहे खरा, पण यात माझाही हात आहे. भुताचा सिनेमा लागला की आमचे मालक सांगत, "आवाज दोन घरं वर ठेव," आणि मी ठेवत असे. डोकी उडत. तेव्हा मला ती माझी कर्तबगारी वाटे. कानाशी सुतळी बॉम्ब फुटला तरी माणूस दचकतो, हे ध्यानात यायला मला काही वर्षे लागली. दचकलेला प्रेक्षक दुसऱ्या क्षणी हसतो आणि शेजाऱ्याला कोपर मारतो. भ्यालेला प्रेक्षक हलत नाही, आणि काचेतून पाहणाऱ्याला हा फरक लगेच कळतो.

आता पांढऱ्या साडीकडे वळतो, कारण माझा खरा राग तिच्यावर आहे.

आमच्याकडे मॅटिनीला जुने हिंदी चित्रपट पुन्हा लागत, त्यामुळे मला 'महल' (1949), 'बीस साल बाद' (1962), 'वो कौन थी' (1964) हे ओळीने पाहता आले. त्यांत धुके आहे, मेणबत्ती आहे, लताबाईंचे दुरून येणारे गाणे आहे, पांढरे वस्त्र आहे. आणि तिन्हींमध्ये शेवटी भूत नसते. 'महल'मधली कामिनी ही माळ्याची मुलगी निघते. 'वो कौन थी'मध्ये नायकाला वेडा ठरवून मालमत्ता गिळण्यासाठी त्याच्याच नात्यातल्या माणसाने सारा देखावा रचलेला असतो. म्हणजे ती पांढरी साडी भुताची नव्हतीच. ती त्या कारस्थानी माणसाने निवडलेली साडी होती. घाबरवायचे तर लोकांच्या मनातले भूत जसे असते तसे ते उभे केले पाहिजे, हा त्याचा हिशेब होता. शिवाय चित्रपट कृष्णधवल. 'महल'चे छायाचित्रण जोसेफ विर्शिंग या जर्मन छायालेखकाचे आहे; त्याच्या काळोखात पांढऱ्याखेरीज दुसरे काय उठून दिसणार? अशी कथेची आणि कॅमेऱ्याची दोन्ही कारणे त्या साडीमागे होती.

पुढे रंग आला आणि भूत खरे झाले. खऱ्या भुताला कोणत्या कारस्थान्याने साडी निवडून दिली, हा प्रश्न कोणी विचारला नाही. रामसे बंधूंनी 1972 साली 'दो गज जमीन के नीचे' महाबळेश्वरला नेऊन थोडक्या पैशांत केला. जिथे उतरायचे तिथेच चित्रीकरण, हा काटकसरीचा मार्ग होता. डोंगरातला एकाकी बंगला आपल्या पडद्यावर ठाण मांडून बसला त्यात या हिशेबवहीचा वाटा मोठा आहे. त्यांना दोष देत नाही, 'वीराना'ला (1988) आमचे बाकसुद्धा भरत. पण आज ज्यांच्या खिशात त्यांच्या कितीतरी पट पैसा आहे त्यांनीही तोच बंगला भाड्याने घ्यावा याचे नवल वाटते.

मराठीत तर ही साडी सरळ चूक आहे. मागे एका चित्रपटात शे-दीडशे वर्षांपूर्वीचा ब्राह्मणाचा वाडा दाखवला होता आणि त्यात छळ होऊन मेलेली विधवा पांढरीशुभ्र साडी नेसून, गुडघ्यापर्यंत केस सोडून माजघरात फिरत होती. त्या काळी अशा घरांतल्या विधवेचे केशवपन होत असे आणि ती तांबडे आलवण नेसत असे. माझ्या लहानपणी आमच्या वाडीत अशी एक अतिवृद्ध बाई होती. तिन्हीसांजेला ती पडवीच्या खांबाला टेकून बसे. धुऊन धुऊन विटकरी झालेल्या त्या आलवणाचा पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला असे आणि दिवा लागेपर्यंत त्या पदराखाली चेहरा आहे की नाही ते कळत नसे. ती कोणाला काही बोलत नसे. आम्ही मुले तिच्यासमोरून जाताना पळत जात असू, आणि आज मला त्याची लाज वाटते, कारण तिच्यावर काय गुदरले ते आम्हाला कोणी सांगितले नव्हते. आपणास भीती आणि करुणा एकाच चौकटीत हवी असेल तर ती तिथे होती. ती सोडून आपण हिंदीच्या कपाटातली साडी आणलीत.

दुसरी गोष्ट भुतांच्या जातींची. शहरात वाढलेल्या लेखकाला हडळ, चेटकीण, मुंजा, समंध ही सगळी 'भूत' या शब्दाची निरनिराळी नावे वाटतात, आणि पडद्यावर सगळ्यांचा चेहरा सारखाच जळका, डोळे सारखेच पांढरे. आमच्याकडे लोक असा गोंधळ करत नाहीत. मुंज झाली पण सोडमुंज झाली नाही अशा वयात मेलेला मुलगा तो मुंजा. तो पिंपळावर राहतो आणि त्याचे लग्न राहिलेले असते. आलवंतीण बाळंतपणात मेलेली. गिऱ्हा पाण्यातला, तो खाडीकडेला आणि नदीच्या डोहापाशी गाठतो. समंध ठेव्याला चिकटलेला. देवचाराला तर भूत म्हटले की जुनी माणसे रागावत, कारण तो शिवेची राखण करतो आणि वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो. प्रत्येकाची जागा ठरलेली, वेळ ठरलेली आणि मुख्य म्हणजे प्रत्येकाचे काहीतरी राहून गेलेले. एवढे तयार असताना 'कोणीतरी अतृप्त आत्मा' या तीन शब्दांवर भागवायचे म्हणजे भरल्या घरात उपाशी राहायचे. आपल्या पिंपळावरचा मुंजा 2024 साली हिंदी चित्रपटाने उचलला आणि त्यावर रग्गड पैसा मिळवला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार आपलेच, एवढेच काय ते समाधान.

आणि चकवा! चकव्याला तोंड नाही, साडी नाही, त्याच्यासाठी एक रुपयाचा रंग लागत नाही. माणूस ओळखीच्या वाटेने रात्री घरी निघतो, चालत राहतो, चालत राहतो आणि पहाटे पाहतो तो आपल्याच शेताच्या बांधावर उभा. यावर मराठीत एक धड चित्रपट व्हायला हवा होता.

वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला वेतोबाचे देऊळ आहे. तिथे नवसाला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. वेतोबा रात्री त्या घालून गावची राखण करत फिरतो आणि म्हणून त्यांचे तळ झिजतात, अशी लोकांची श्रद्धा आहे. मी तिथे अनेकदा गेलो आहे. वीतभर रुंद तळ, जाड टाके, नवे कोरे चामडे आणि त्याचा तो कच्चा वास. चालणारा पाहायची गरजच पडत नाही. एक चप्पल उलटी करून टाचेकडची झीज दाखवली की पुरे. मी श्रद्धाळू माणूस नाही, पण तो चपलांचा ढीग पाहून मी दर वेळी आवाज खाली आणून बोललो आहे.

ठरलेला नियम कथेला काय देतो हे 2018 च्या 'तुंबाड'ने दाखवून दिले. चित्रपट हिंदी असला तरी दिग्दर्शक राही अनिल बर्वे, भूमी कोकणची आणि मूळ प्रेरणा नारायण धारपांच्या कथेची. त्यातल्या हस्तर या शापित देवाला धान्याची भूक आहे. पिठाचे रिंगण आखले की तो आत येत नाही. कणकेची बाहुली त्याच्यापुढे टाकली की ती खाईपर्यंत त्याच्या लंगोटातली मोहर ओढून घ्यायची. एवढे एकदा कळले की प्रेक्षक स्वतःच आकडेमोड करू लागतो. शेवटी बापलेक एकीऐवजी पुष्कळ बाहुल्या घेऊन उतरतात तेव्हा थिएटरात, कोणी काही बोलायच्या आत, माझ्या शेजारच्या मुलीने श्वास आत ओढलेला मी ऐकला, कारण बाहुल्या जितक्या तितके हस्तर हा हिशेब तिने दिग्दर्शकाच्या आधी मांडला होता. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'ने बंगला सोडून ऊस धरला. उभ्या उसात दोन हातांपलीकडचे दिसत नाही, पात अंगाला कापते, आणि चहूबाजूंना हललेले पान वाऱ्याने हलले की माणसाने ते कळायला मार्ग नसतो, तेही भर दुपारी. त्यातली भुते कोण आणि का, याचे उत्तर गर्भातच मारलेल्या मुलींपाशी जाऊन पोचते. पुढे हिंदीने त्यावरून 2021 साली 'छोरी' केला. दोन्ही उदाहरणे आपल्याच अंगणातली आहेत.

मोबाईलला रेंज नसणे, वर्तमानपत्राच्या कात्रणांनी भरलेली भिंत, अगदी ऐन वेळी मिळालेली डायरी, यांवर मी शाई खर्च करत नाही. रेंज आंबोलीच्या पावसात खरोखरच जाते. नायकाने फोन कॅमेऱ्यासमोर धरून ती गेल्याचे जाहीर करू नये, एवढेच.

रहस्यपटाबद्दल मात्र एक गंभीर मागणी आहे. 1960 च्या 'सायको'त शेवटी मनोविकारतज्ज्ञ येऊन खुन्याच्या मनाचा उलगडा करून सांगतो. तेव्हापासून जगभर, आणि आपल्याकडे जरा उशिराने, ज्याच्या टेबलावर गोळ्यांची बाटली तो खुनी, हे समीकरण चालत आले आहे. पटकथेत खुनाचे कारण सापडले नाही की त्याला 'मानसिक आजार' हे नाव द्यायचे, इतके ते सोपे झाले आहे. आमच्या गावात एक तरुण अशा औषधांवर होता आणि बरा होत होता. अशाच एका चित्रपटानंतर बाजारातली पोरे त्याला खुन्याच्या नावाने हाका मारू लागली. त्याने दुकानावर बसणे सोडले आणि काही महिने औषधही सोडले. तो चित्रपट मीच दाखवला होता, रोज चार खेळ. खुनाला लोभ, सूड, जमिनीचा बांध, भाऊबंदकी अशी कारणे महाराष्ट्रात मुबलक आहेत. आपल्या कोर्टांत जाऊन बसावे, तुटवडा पडणार नाही.

तसेच शेवटच्या रिळातला मांत्रिक. ज्या राज्याने 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा केला, आणि ज्या कायद्यासाठी आयुष्य घालवणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी खून झाला, त्या राज्याच्या चित्रपटांत भुतावर विश्वास नसलेला डॉक्टर किंवा प्राध्यापक हा हमखास उद्धट असतो आणि एकतर सगळ्यांत आधी मरतो किंवा शेवटी हात जोडतो. सुरुवातीला पाच सेकंद 'अंधश्रद्धेला प्रोत्साहन देण्याचा हेतू नाही' ही पाटी दाखवायची आणि पुढचे दोन तास तेच करायचे, हे त्या पाटीसकट मी शेकडो वेळा पडद्यावर फेकले आहे. भुते बंद करा असे मी म्हणत नाही, तशी बंदी कोणी आणली तर मी विरोधात उभा राहीन. पण न मानणाऱ्या माणसाला एकदा तरी अक्कल द्या. हुशार, सभ्य, तपासून पाहणारा माणूस जेव्हा निरुत्तर होतो तेव्हा स्टॉलमधली डोकी स्थिर होतात. मूर्खाची फजिती पाहून फक्त शिट्ट्या येतात.

आता दिव्याबद्दल. "दिवा लाव!" हे स्टॉलचे ओरडणे मला इतकी वर्षे बिनतोड वाटे.

ऐन पावसाळ्यातली एक रात्र होती. शेवटचा खेळ साडेबारापर्यंत लांबला, माणसे गेली, डोअरकीपरने दारे लावली आणि मी केबिनमध्ये रिळे गुंडाळत बसलो. आमच्या खुर्च्या लाकडी, उठले की बैठक आपोआप वर मिटणाऱ्या. माणसे उठताना त्यांचा गारांसारखा आवाज होतो आणि मिनिटाभरात थांबतो. त्या रात्री सारे सामसूम होऊन पंधरा-वीस मिनिटे झाल्यावर खाली अंधारात एक खुर्ची मिटली. एकच. खट्.

बिजागरी दमट हवेने अडकली असणार आणि मग सुटली असणार, हे मला त्याच क्षणी कळले. हॉलच्या दिव्याचे बटण माझ्या उजव्या हाताशी, फूटभर अंतरावर होते. मी ते दाबले नाही. दाबले असते तर खाली कोणी असू शकेल असे मला वाटले, हे मीच कबूल केल्यासारखे झाले असते. मी अंधारातच उरलेले रीळ हाताने फिरवले, डब्यात घातले, डब्याचे झाकण नेहमीपेक्षा जरा हळू लावले, आणि काचेकडे न पाहता जिना उतरलो.

आपल्या पुढच्या चित्रपटातली बाई दिवा लावणार नसेल तर तिला असे एक कारण द्यावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त ऑपरेटर